निंबाआप्पांचा हिरवा गालिचा

सुरतेच्या बाजारात खरेदीला निघालेल्या खानदेशी नवरा-बायकोजवळ एक हक्काचे हत्यार असे, आणि ते म्हणजे त्यांची अहिराणी. दुकानदाराशी गुजरातीत किंवा हिंदीत बोलायचे आणि आपापसांतली मसलत त्याच्या नाकासमोर अहिराणीत उरकायची, ही रीत सुरतेतल्या नवागाम या खानदेशी वस्तीत घराघरांत होती. निंबाआप्पांना मात्र तिचा विशेष अभिमान होता. चेहऱ्यावर कौतुक ठेवून तोंडाने मालाला नावे ठेवायची, ही कला त्यांनी इतकी घोटली होती, की कपड्याच्या बाजारात जाताना शेजारीपाजारी त्यांना मुद्दाम सोबत नेत.

आप्पा तरुणपणी सुरतेला आले तेव्हा मागांच्या खडखडाटातच तागे उशाला घेऊन झोपत. पुढे मुकादम झाले, आणि प्लेगचे वर्ष सरल्यावर त्यांनी नवागामात दोन खोल्यांचे पक्के घर बांधले. बाहेरच्या खोलीत कोटा दगडाची फरशी बसवली. त्याच सुमारास थोरली मुलगी गायत्री हिला पलसाण्याच्या रंगाईच्या कारखान्यातला योगेश सांगून आला. मुलगा पसंत पडला, गायत्रीलाही मनापासून आवडला. बोलणी पक्की झाली होती. बाकी होता तो केवळ मुलाच्या आत्याचा शब्द. आईबापांविना राहिलेल्या या पोराला तिनेच पापड लाटून वाढवले होते. पाहण्याच्या दिवशी ती तापाने पडून होती. आता येत्या रविवारी येणार होती.

"पप्पा, ती जुनी सतरंजी नका हां पसरू," गायत्रीने बजावले. "बहु खराब लागे."

त्यामुळे गालिचा घेणे आले. प्रश्न होता तो कुठून घ्यावा, एवढाच. नवागामच्या हातगाडीवरचा गालिचा आप्पांच्या पत्नी सुंदराबाईंनी ओल्या बोटाने घासून पाहिला, तर बोट लाल झाले. रिंगरोडवरच्या काचेच्या दाराच्या दुकानात विक्रेत्याने त्यांच्या चपलांकडे एकदा पाहिले आणि गुंडाळी न सोडताच "आ तमारा कामनुं नथी" असे सांगून टाकले. आप्पांचे कान तापले. अखेरीस चौटा बाजारातल्या एका जुन्या दुकानाचे नाव कोणीतरी सुचवले. तिथले शेठ गिऱ्हाइकाला पांढऱ्या गादीवर बसवून आधी पाणी देत, मग माल दाखवत.

पाणी पिऊन आप्पा सावरून बसले. शेजारी एक वयस्क बाई पायपुसण्यांचा ढीग चाळत होती. अंगावर फिकी साडी, पदर गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला. शेठ तिला 'मासी', म्हणजे मावशी, म्हणत होते आणि ती त्यांच्याशी अस्सल सुरती गुजरातीत भाव करत होती. आप्पांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि हे गुजराती घरचे माणूस आहे असे मनाशी ठरवून टाकले.

शेठनी एक हिरवा गालिचा उलगडला. कडेने वेली, मध्ये लहान लहान फुले. सुंदराबाईंचे डोळे त्यावरून हलेनात.

आप्पांनी चेहरा निर्विकार ठेवला. रिंगरोडवरचा अपमान अजून आत जळत होताच. त्याची वाफ इथे बाहेर पडली.

"हाऊ भारी शे," ते अहिराणीत म्हणाले, "पोर गालिचा मांगस, पन त्या योगेशनी आत्याले काय समजस? पापडवाली ती!"

"हळू बोला. लोके आयकतस," सुंदराबाई पुटपुटल्या.

"आयकू दे. आठे आपली बोली कोनले समजस? जन्म गया तिना पापड लाटामा, आनि आते मनी पोर पसंत करनारी! सुरतमा ऱ्हाई ऱ्हाई गुजरातीन व्हई गयी म्हने. तिले गालिचा काय नि गोणपाट काय, सारखंच!"

एवढे बोलून आप्पांनी शेठकडे पाहून गोड हसून मान डोलावली. जणू गालिच्याची तारीफ चालली होती.

शेजारची बाई पायपुसणी बाजूला ठेवून उठली. पदर सारखा करत ती आप्पांकडे वळली आणि अगदी शांत आवाजात म्हणाली,

"हिरवाच ल्या, भाऊ. पापडवालीले गोणपाटभी चालस. पन पोरना मनमा गालिचा शे ना?"

आणि शेठना "आवजो" म्हणून ती पायऱ्या उतरून गेली.

ती कोण, ते आप्पांना कळून चुकले. तिच्यामागे धावावे, पाय धरावेत, असे वाटले. परंतु गादीवरून त्यांना उठवेना. सुंदराबाईंनी पदर तोंडाशी नेला होता. शेठना यातले अक्षरही कळले नव्हते.

"मासीने ओळखो छो?" तिला ओळखता का, असे त्यांनी सहज विचारले.

"ना," आप्पा म्हणाले. हा नकार त्यांच्या तोंडून इतक्या झटकन निघाला, की त्याची त्यांना स्वतःलाच किळस आली.

गालिच्याचे काय करावे? तो घ्यावा तर निर्लज्जपणा, न घ्यावा तर तिचे बोलणे झिडकारल्यासारखे. अखेर घासाघीस न करता त्यांनी हिरवा गालिचा बांधून घेतला. आयुष्यात बहुधा प्रथमच.

वाटेत रिक्षात सुंदराबाई म्हणाल्या, "तिनी आते नही म्हनं तं? पोरले काय सांगशात?"

आप्पा बाहेर पाहत राहिले. दोष बापाच्या जिभेचा आणि शिक्षा पोरीला, हा हिशेब त्यांना स्पष्ट दिसत होता. घरी गायत्री गालिच्यावर हात फिरवून इतकी हरखली, की तिच्याकडे बघणे त्यांना जमेना. अंगावर काम आल्याचे निमित्त करून ते रविवारपर्यंत कारखान्यातच अधिक थांबू लागले. पलसाण्याला जाऊन क्षमा मागावी असे रोज ठरवत, आणि रोज त्यांचे धैर्य बसथांब्यापाशी संपे.

रविवारी योगेश आणि चार माणसांसह त्याच्या आत्या, पुष्पाबाई, आल्या. पाय धुऊन त्या सरळ गालिच्याच्या मध्यभागी जाऊन बसल्या. आप्पा दाराशीच खाली मान घालून उभे.

"या की, व्याही, बठा," त्या म्हणाल्या. मग सर्वांना ऐकू जाईल असे बोलल्या, "आमनी वळख बजारमा व्हयेल शे. भाऊ गालिचा देखी ऱ्हायंतात. भलता चोखंदळ मानूस शे बरं!"

मंडळी हसली. योगेशने विचारले, "आत्या, काय बोलणं झालं मग तुमचं?"

"गालिच्यानं बोलनं," पुष्पाबाई म्हणाल्या. "दुसरं काय व्हनार?"

त्यांनी गायत्रीला जवळ बसवून घेतले, तिच्या कपाळी कुंकू लावले, ओटीत नारळ घातला आणि आपला शब्द दिला. पुष्पाबाईंनी चार जणांत शिव्या दिल्या असत्या, तर आप्पांना सोसल्या असत्या. आता मात्र मिटल्या तोंडाचे हे ऋण त्यांच्या मानेवर कायमचे बसले. चहा देताना त्यांनी हलक्या आवाजात "माझी चूक झाली" असे म्हणण्याचा प्रयत्न केला. पुष्पाबाईंनी कप घेतला आणि म्हणाल्या, "साखर बरोबर शे, भाऊ." बोलणे तिथेच संपले.

लग्न थाटात झाले. नातवंडे झाली. दोन्ही घरांत अहिराणी मनसोक्त चाले. रुसवे, टोमणे, अंगाई, सारे काही तिच्यातच. निंबाआप्पा मात्र पुष्पाबाईंशी सदैव शुद्ध, पुस्तकी मराठीत बोलत: "आपण केव्हा आलात? प्रकृती कशी आहे? बसावे." पोरे हसून लोळत. "आजोबा, रेडिओवर बातम्या देता का?" असे विचारत. जावयाला वाटे, सासऱ्यांना आत्याचा हा केवढा आदर!

खरे कारण सुंदराबाईंनाच ठाऊक होते. पुष्पाबाई दर वेळी आप्पांना अहिराणीतच उत्तर देत आणि क्षणभर थांबत, एखादा शब्द तरी त्यांच्या तोंडून आपल्या बोलीतला येतो का ते पाहत.

तो शब्द आप्पांच्या ओठांवर कधीच आला नाही.