कापलेले सात फोन

टेंभुर्णीच्या बसस्टँडसमोर कडूबाचा भज्यांचा गाडा आहे. गावात त्याला कप्तान म्हणतात. तो जहाजावर होता हे खरं, पण स्वयंपाकी म्हणून. तिथले खलाशी त्याला भंडारी म्हणायचे. गावातल्या बहुतेकांनी जहाज पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचा हुद्दा ठरवायचं काम गावाने स्वतःकडे घेतलं आणि एकदम वरचा देऊन टाकला. कडूबानेही हरकत घेतली नाही. फुकट मिळालेली बढती कोण परत करतं?

२०११ साली सोमालियाजवळच्या समुद्रात चाच्यांनी त्याचं जहाज धरलं. अकरा महिने कडूबा त्यांच्या ताब्यात होता. सुटून आला तेव्हा अंगावर हाडंच उरली होती आणि डावा कान गेला होता. कान इंजिनाच्या आवाजाने गेला, एवढं तो सांगतो. बाकी काही सांगत नाही. सांगायचं खातं त्याच्या बायकोकडे आहे.

तुळजाबाई गाड्यामागे कांदा चिरत बसते. नवं गिऱ्हाईक दिसलं, आणि त्याने चुकून 'कप्तान कशामुळं' असं विचारलं, की सुरी खाली ठेवते.

"ह्यांना चाच्यांनी धरलं होतं. त्याच्या आधीपासून ह्यांचा आन् माझा कायदा ठरलेला होता, बरं का. कोणत्याबी बंदरावरून ह्यांनी मिस कॉल द्यायचा. लांबलचक नंबर दिसला की मी वळखायचे. उचलायचा न्हाई, उचलला की ह्यांना खर्चा. दोन घंट्या झाल्या की मी कापायचे. कापला म्हंजी ह्यांना कळायचं, पोचला, घरी समदं बराबर हाय."

"आन् चाच्यांनी धरल्यावर?" गिऱ्हाईक विचारतं.

"धरल्यावरबी. कंपनीनं आमाला दोन महिने सांगितलंच न्हाई. त्या दोन महिन्यांत सात मिस कॉल आल्ते. मी आपली गल्लीभर सांगत हिंडले, मजेत हायेत म्हनून. मागून कळलं, ह्यांना तर तवा कोंडून ठेवलं होतं. म्हंजी त्या राक्षसांच्या तावडीतून चोरून फोन करून राह्यले होते. मला घोर लागू नये म्हनून."

मग ती कडूबाकडे बघते. कडूबा मान खाली घालून झारा हलवतो. गिऱ्हाईकाला वाटतं, माणूस लाजतोय.

चोरून काही नव्हतं. फोन चाच्यांचाच होता, आणि नंबर त्यांनीच लावायला लावला होता. त्यांची रीत साधी होती. खलाशाने घरी फोन करायचा, घरच्यांनी रडायचं, रडून कंपनीच्या दारात जायचं, म्हणजे कंपनीचा हात सुटतो. बाकीच्यांच्या बायका रडल्या, आया रडल्या. कडूबाच्या बायकोने दोन घंट्यांत फोन कापला. चाच्यांची खात्री पटली की हिला कंपनीने पढवून ठेवलंय. आमच्या गावात फोन कापणे म्हणजे ख्यालीखुशाली, हे बंदूकवाल्या माणसाला सहा इंग्रजी शब्दांत समजावून बघा. कडूबाने समजावलं. दर वेळी मार खाल्ला. तिसऱ्या फोनच्या वेळी बंदुकीचा दस्ता कानावर बसला. दुसरा नंबर दे म्हणाले, तर त्याला तो एकच पाठ होता. सातव्या फोननंतर चाच्यांनी नाद सोडला. हा माणूस त्याच्या घरच्यांनाच नकोय, असा त्यांनी निष्कर्ष काढला, आणि पुढचे महिने त्याला फक्त स्वयंपाकाला ठेवलं.

सुटून आल्यावर ग्रामपंचायतीसमोर सत्कार झाला. तिथे माईकवर तुळजाबाईने मिस कॉलची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. बायका डोळे पुसत होत्या. जन्मात कधी चार माणसांसमोर न बोललेली बाई, आणि अख्खं गाव तिच्यासाठी टाळ्या वाजवतंय. कडूबाने ठरवलं, खरं काय ते उद्या सांगू. त्याला आता तेरा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात राधेश्याम सर गाड्यावर आले. सर गावचेच, जालन्याच्या कॉलेजात शिकवतात आणि महिन्यातल्या एका रविवारी तिथल्याच मस्तगडजवळच्या एका हॉलमध्ये परदेशी सिनेमे दाखवतात. बघायला वीसेक माणसं असतात. त्यातले निम्मे सरांचे विद्यार्थी, म्हणजे आलेले नव्हे, आणलेले.

"कडूबाभाऊ, डेन्मार्कचा सिनेमा आहे. चाच्यांनी जहाज धरल्याचा. बिलकुल खरा वाटतो. तुम्ही आणि वहिनी प्रमुख पाहुणे."

"त्यात फोन हायेत का, सर?"

"फोनच फोन. अर्धा सिनेमा फोनवरच चालतो."

"मंग मला न्हाई जमायचं. रविवारी गिऱ्हाइकी असती."

"न जमायला काय झालं?" तुळजाबाई म्हणाली. "आपल्यावर सिनेमा निघाला आन् आपणच न्हाई बघायचा?"

"आपल्यावर न्हाई, डेन्मार्कवाल्यांवर हाय."

"चाचे तर तेच ना?"

पुढचे आठ दिवस कडूबाने बरेच उपाय केले. तुला गाडी लागते, म्हणाला. तिने गोळी आणून ठेवली. सिनेमा इंग्रजीत आहे, म्हणाला. सर मराठीतून सांगणार होते. सिनेमा अडीच तासांचा आहे, असंही त्याने ठोकून दिलं. ती म्हणाली, बरंय की, तेवढाच आराम. खरं बोलायचं सोडून माणूस जे जे करू शकतो ते सगळं त्याने केलं.

हॉलमध्ये शाल झाली, नारळ झाला. सरांनी माईक पुढे केला तेव्हा कडूबाने तो हाताने सरळ तुळजाबाईकडे ढकलला. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि सातही मिस कॉल सांगितले. शहरातली शिकलेली माणसं, त्यांनी जास्तच टाळ्या वाजवल्या. एका डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला.

मग सिनेमा लागला. एका बाजूला काचेच्या खोलीत कोटवाले साहेब फोनभोवती बसलेले. दुसऱ्या बाजूला जहाज, घाम, आणि दाढी वाढत चाललेला गोरा मेकॅनिक. सर पडद्याशेजारी उभे राहून मराठीतून सांगत होते, आणि लांब बोलणं आलं की सिनेमा थांबवून सांगत होते.

"सर, मारामारी कवा हाय?" मागून एका विद्यार्थ्याने विचारलं.

"नाही आहे. हे वास्तव आहे."

विद्यार्थ्याने मोबाईल काढला.

कडूबा मात्र खुर्चीच्या कडेवर सरकला होता. यांनी सगळं नेमकं कसं काय पकडलं? गंजलेल्या पत्र्यावर पाय भाजणं, पाण्याच्या पिंपाकडे बघत बसणं. फक्त सिनेमातले चाचे जरा कमी मारत होते. तेवढ्यात एका चाच्याने टेबलावर जाडजूड फोन आणून ठेवला. कडूबा उभाच राहिला.

"सर, चहा सांगा की. लई येळ झाला."

प्रमुख पाहुणाच मागतोय म्हटल्यावर सिनेमा थांबला. चहा आला. कडूबा बायकोजवळ वाकला. "चल, निघू. साडेतीनची बस गाठू."

"अर्ध्यातून? लोक काय म्हनतील?"

"डोकं दुखून राह्यलंय माझं."

"मंग अजून अर्धा कप घ्या."

चहा संपला. सिनेमा जिथे थांबला होता तिथूनच सुरू झाला, सिनेमाचा तो गुणच असतो. मेकॅनिकने नंबर लावला. तिकडे त्याच्या घरी, एका स्वच्छ स्वयंपाकघरात, बायकोने फोन उचलला. पहिल्याच घंटीला. नवऱ्याचा आवाज ऐकून ती रडायला लागली. चाच्याने फोन हिसकावून घेतला.

"चाचा म्हणतोय, नवऱ्याचा आवाज ऐकलास ना, आता कंपनीला सांग पैसे द्यायला," सर म्हणाले. सिनेमा थांबवला, आणि माहिती देण्याच्या भरात पुढे बोलले, "ही त्यांची पद्धतच असते बरं का. घरच्यांवर दबाव आणायचा. आता समजा घरच्यांनी फोन उचललाच नाही, कापला, तर मग त्या खलाशाचे..."

सर तिथेच थांबले. पण वाक्य सगळ्यांना पुरं ऐकू आलं होतं. दीड तासापूर्वीच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. डॉक्टरीणबाई स्वतःच्या पायांकडे बघायला लागल्या. सरांनी घाईघाईने सिनेमा चालू केला. तुळजाबाई शेवटपर्यंत पडद्याकडे बघत होती. कडूबाकडे तिने पाहिलं नाही.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. जालना मागे पडल्यावर बोलली.

"चोरून न्हाई केले ना तुमी?"

"न्हाई."

"किती येळा मारलं?"

"दोनदा."

"फोन सात हायेत."

कडूबा म्हणाला, "सात येळा, मंग."

"कान?"

"तिसऱ्याला."

ती रडेल, असं तो तेरा वर्षं धरून चालला होता. त्यासाठी त्याने एक वाक्य तयार ठेवलं होतं, ते त्याने आता काढलं. "तुझी काय बी चूक न्हाई, तुळजे. कायदा मीच केल्ता."

"ते तर हायेच. कायदा तुमचाच." तिचा आवाज अगदी कोरडा होता. "पर मी तेरा वर्षं गाड्यावर गोष्ट सांगून राह्यले, तवा तुमी तिथंच हुबे होते. ऐकून राह्यले होते."

"तुला तरास नको म्हनून."

"आज माईक कुनी दिला मला?"

त्याने तिकिटाची घडी घातली.

"सिनेमात काय हाय ते ठाऊक होतं तुमाला. आधीपासून पळून राह्यले होते, आत्ता कळलं मला. तरी माईक माझ्याकडं ढकलला. चाच्यांनी तुमाला सात येळा मारलं. माझा तमाशा तेरा वर्षं चालला, आन् आज शाल घालून."

देऊळगावराजाचा स्टँड आला, गेला. कडूबाने शेंगदाण्याची पुडी घेतली. ती तशीच मांडीवर राहिली.

सोमवारी तीर्थपुरीकडचा एक बियाणं विकणारा माणूस गाड्यावर आला. 'कप्तान' अशी हाक त्याने ऐकली आणि विचारलं. कडूबा घाईने म्हणाला, "काय न्हाई, पोरं आपली म्हनत्यात."

तुळजाबाईने सुरी खाली ठेवली.

"ह्यांना चाच्यांनी धरलं होतं. पैशासाठी ह्यांच्या हातून मला फोन लावायचे. मी कापायचे. कापला की तिकडं ह्यांना मारायचे. मी सात येळा कापला. इकडं मी लोकांना सांगत होते, मजेत हायेत."

माणूस हसायच्या तयारीत थांबला. दोघांकडे आळीपाळीने बघितलं. हसायचं कुठे, ते त्याला सापडेना.

"बस कर," कडूबा म्हणाला.

"का? इतके दिवस तर चालत होती गोष्ट." आणि ती तिसऱ्या फोनकडे वळली.

आता ती रोज सांगते. नव्या गिऱ्हाइकाला सांगते, जुन्यांना बोलावून सांगते, की मागं सांगितलं ते खोटं होतं, खरं हे. ही गोष्ट जुन्या गोष्टीपेक्षा जास्त चालते. जाफ्राबादहून दोघं जण मुद्दाम ऐकायला आले होते, त्यांनी दोन-दोन प्लेट खाल्ल्या. कडूबा कढईपुढे उभा असतो. उजवा कान शाबूत असल्याने त्याला सगळं ऐकू येतं.

परवा गाड्यावर कोणी नसताना त्याने विचारलं, "शिक्षा कुनाला देऊन राह्यलीस गं? मला का सोताला?"

तुळजाबाईने खरोखरच विचार केला.

"अजून ठरलं न्हाई," ती म्हणाली आणि पुढचा कांदा ओढला.