सुमनबाईंचा शेअर आणि बारा शब्द

लाडवांच्या धंद्यात भुगा फार साचतो, आणि किस्सेही! भुगा आम्ही चहाबरोबर संपवतो, किस्से मात्र उरतात. सुमनबाई कंपनीत आल्यापासून तर ते ठेवायला डबे पुरेनात.

कंपनी म्हणजे चामोर्शीतल्या दोन खोल्या. मोहफुलाचे लाडू बनवतो. मालक प्रशिक, माझा जुना विद्यार्थी, पुण्याची कॉम्प्युटरची नोकरी सोडून आलेला. मी रिटायर्ड मास्तर. हुद्दा सल्लागार, काम चव बघणे! मोठं मशीन घ्यायचं म्हणून प्रशिकनं कंपनीचे शेअर विकायला काढले, तेही क्रिप्टोत. एका शेअरला अमुक इतकी नाणी, आणि नाणी मोबाईलमध्ये.

पहिल्या गुंतवणूकदार सुमनबाई. गावच्या तलावात मासे धरायचे, आठवडी बाजारात विकायचे, हा त्यांचा धंदा. नव्या जाळ्यासाठी जमवलेले दहा हजार घेऊन आल्या. वाढले की मोठं जाळं घेऊ, असा विचार.

"पण हे नाणं दिसते कुठी?"

"दिसत नाही, काकू."

"मंग हरवलं तं शोधू कुठी?"

प्रशिकनं माझ्याकडे पाहिलं. मी घाईनं लाडू तोंडात टाकला.

*

सकाळी सुमनबाईंनी दहा हजारांना शेअर घेतला. दुपारी नाणं घसरलं आणि एटापल्लीच्या एका कंपाउंडरला तोच शेअर आठ हजारांत मिळाला! हे सुमनबाईंच्या कानावर गेल्याचं माहीत नसलेल्या प्रशिकनं हौसेनं त्यांच्यापुढे फीडबॅकचा फॉर्म धरला.

"लाडू सकाळचाच ना?" सुमनबाईंनी विचारलं.

"हो."

"मंग भाव काऊन उतरला? मासा दुपारी नरम पडते, म्हणून भाव उतरवा लागते. तुहा लाडू नरम पडला काय?"

प्रशिक दोन दिवस हिशेबाची वही घेऊन बसला. मग त्यानं नियमच बदलला. भाव रुपयांत, बाजाराच्या दिवशी एकदाच, फळ्यावर लिहून. नाणी त्या हिशेबानं. वरचे दोन हजार परत द्यायला गेला, तर सुमनबाई उखडल्या. "मासा विकल्यावर मी कधी पैसे वापस देतो काय?"

*

मालकीण झाल्यावर त्यांनी माशांच्या टोपलीशेजारी आमचे लाडू मांडले. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, लाडवाले माशाचा वास येऊन राह्यला!"

"मंग माशाले लाडवाचा वास येत असन. त्याचे जास्त पैसे घेतले काय?"

*

शेअरही मोबाईलमध्येच; मोबाईल बिघडला तर तो परत मिळवायला बारा इंग्रजी शब्द क्रमानं लागतात, आणि ते कंपनीकडेही नसतात. प्रशिकनं बजावलं, "कागदावर लिहा आणि लपवून ठेवा."

"आमच्या घरी उंदीर कागद सोडत नाई."

त्यांनी बचत गटाच्या बारा बायका बोलावल्या आणि एकेकीच्या कानात एकेक शब्द सांगितला! "कोणालेच सांगू नको," हे वर. बारावा शब्द गिरजाबाईंना. चाळीस वर्षं दोघींच्या टोपल्या शेजारी लागायच्या, पण आता गिरजाबाईंना पोटचा मुलगाही ओळखू येत नव्हता.

"काकू, त्या विसरतील!" प्रशिक कळवळला.

"तलावाच्या पाळीवर माशांचे हिस्से करतो ना, तवा जिले येता येत नाई तिचाबी हिस्सा काढतो. आज तिले वगळू काय?"

*

यंदा उन्हाळ्यात जुनं जाळं पार फाटलं. फळ्यावर शेअरचा भाव होता बावीस हजार. सुमनबाई विकायला तयार झाल्या आणि त्याच आठवड्यात मोबाईल तलावात पडला!

अकरा बायकांनी नव्या मोबाईलपाशी येऊन अकरा शब्द सांगितले. सुमनबाईंना स्वतःला एकही आठवत नव्हता. मग आम्ही तिघं गिरजाबाईंच्या अंगणात गेलो.

"तू कोण वं बाई?" त्यांनी सुमनबाईंना विचारलं.

"मी सुमन."

"चाल! सुमन जवान हाये."

सुमनबाई त्यांच्या शेजारी टेकल्या. "बरं. सुमननं तुले एक शब्द देला होता. आठवते काय?"

"आठवते ना! रोज सकाळी मनात म्हणतो." गिरजाबाईंचा चेहरा उजळला.

"मंग सांग ना."

"नाई. सुमननं सांगितलं हाये, कोणालेच सांगू नको."

प्रशिकनं नवा मोबाईल खिशात टाकला. सुमनबाईंनी मात्र गिरजाबाईंचा हात आपल्या मांडीवर घेतला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "प्रशिक, तो तुहा फीडबॅकचा कागद आण. लिही, शेअर मले लय स्वस्त पडला."