कोऱ्या कॅनव्हासचा मालक

कोऱ्या कॅनव्हासला एक वास असतो. खडूसारखा कोरडा आणि नव्या मांजरपाटासारखा किंचित उग्र. परवा मुलीने अप्पा बळवंत चौकातून तीन छोटे कॅनव्हास आणले आणि तो वास बऱ्याच वर्षांनी आमच्या बैठकीत पसरला. त्यांवर तिला सहलीची तिकिटे, फोटो, वाळलेली पाने चिकटवायची होती. "आई, एक तू कर ना," ती म्हणाली. माझी पत्नी हसली. "मला नाही गं जमत ते. मागे करून पाहिलंय." तिच्या स्वरात खंतही नव्हती, जुन्या, मुरलेल्या समजुतीचा शांतपणा होता. ती समजूत खोटी आहे आणि ती पेरणारा मी आहे, हे त्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक होते.

शहराच्या कडेला काचेच्या इमारती उगवत होत्या, त्या दिवसांत मी कारखान्याचा ड्रॉइंग विभाग सोडून संगणकाच्या नोकरीत शिरलो. तरुणपणी जलरंगांत माझा हात बरा चालत असे. नव्या पगारातून मी सहा मोठे कॅनव्हास घेतले. रविवारी रंगवीन म्हणून. रविवारही कंपनीनेच नेले. कॅनव्हास कपाटामागे उभे राहिले आणि खरे सांगायचे तर मला त्याचे दुःखही नव्हते. कोरे होते तोवर त्यांवर माझी सगळी न काढलेली चित्रे होती, आणि न काढलेल्या चित्रात कधी कुणाला चूक सापडत नाही.

"अहो, ते कपाटामागचे मी घेऊ का?" असे तिने एकदा विचारले, तेव्हा मी उदारपणे मान हलवली. आपल्याकडे लग्नपत्रिका सहसा कुणी केरात टाकत नाही. वर गणपती असतो. आमच्याकडेही त्यांचा ढीग साचला होता. तिने प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती बारीक कात्रीने कापून घेतला आणि कॅनव्हासवर त्यांच्या पंगतीच्या पंगती बसवल्या. सोनेरी, जांभळे, कोपऱ्यावर हळदीचे बोट उमटलेले. मागे साडीच्या खोक्यांचा कागद, बसची फिकट तिकिटे. चित्रकला ती कधी शिकली नव्हती, पण रंग तिचे ऐकत होते. शेजारच्या काकू आपल्या घरच्या पत्रिका आणून देऊ लागल्या. माझा ऑफिसमधला मित्र भिंतीसमोर उभा राहून म्हणाला, "वहिनी, कमाल केलीत! आणि साहेब, आपलं योगदान काय? खिळे ठोकलेत?" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याखाली जे पेटले, त्याला मी तेव्हा नाव दिले नाही. पुढे बैठकीत पाऊल टाकले, की मला तिची चित्रे दिसत नसत. माझी पुसली गेलेली दिसत. पाहुणे गेल्यावर एखादा तिरपा चिकटलेला गणपती मी तिला शोधून दाखवीत असे. ती तो निमूटपणे सरळ करी.

महिला मंडळाच्या प्रदर्शनात तिने दोन कॅनव्हास ठेवले, पाठीमागे घरचा फोन नंबर लिहून. आठवड्याने फोन वाजला, तेव्हा ती गच्चीवर वाळवण उलटत होती. त्यांच्या नव्या ऑफिसच्या भिंतींसाठी असे दहा-बारा करून मिळतील का, असे एक बाई विचारत होत्या; आवाजात खरी असोशी होती. मी म्हणालो, "त्यांनी ते आता बंद केलंय."

"कुणाचा फोन?" खाली येऊन तिने विचारले.

"राँग नंबर."

त्यानंतर महिनाभर फोन वाजला, की ती पदराला हात पुसत धावत येई. मग धावणे थांबले. कात्री शिवणाच्या डब्यात गेली. माझे खोटे वाक्य तिने, नकळत, खरे करून दिले.

परवा संध्याकाळी मी तिला हे सगळे सांगितले. ती मटार सोलत होती. हातातली शेंग तिने सोलून संपवली. मग म्हणाली, "मला वाटायचं, बघणाऱ्यांना त्यात काही दिसलंच नसेल." आणि थोड्या वेळाने, "अहो, निदान चिडायचं तरी माझ्यावर. मला कळलं तरी असतं."

मी क्षमा मागितली. ती मिळाली का, हे विचारण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. मत्सराविषयी एक गोष्ट मात्र मला फार उशिरा उमगली. तो करणाऱ्याच्या मनात फार काळ राहत नाही. माझा दोन-तीन वर्षांत विझूनही गेला. ज्याचा मत्सर केला, त्याच्याकडे मात्र तो वेगळ्या नावाने राहायला जातो, आणि ते माणूस त्याला आपलेच उणेपण समजून वर्षानुवर्षे सांभाळत बसते.