कुत्र्यांसह फोटो काढून मिळेल

वसंता आणि मी भेटलो की दोघांच्या बायका चहा ठेवून सरळ आत निघून जातात. त्यांना सगळं पाठ झालंय! पण आमचाही इलाज नाही. माणसं फोटो घेऊन जातात आणि किस्से आमच्याकडे टाकून जातात. ते साठतच राहतात.

त्यातला सगळ्यात मोठा साठा एकाच दिवसाचा. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. गिरगावात गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. मग जरा निवळलं, तेव्हा फणसवाडीजवळच्या आमच्या वाडीनं पटांगणात आनंदमेळा भरवला. कर्फ्यूत माणसांसारखी कुत्रीही घरात कोंडून वैतागली होती. कमिटी म्हणाली, "त्यांनाही आणा!"

मी फोटोग्राफर, वसंता साइनबोर्ड पेंटर. आम्ही फोटोचा स्टॉल टाकला. मागचा पडदा वसंतानं रंगवला : समुद्र, होडी आणि एक नारळाचं झाड. बोर्डही त्यानंच लिहिला, 'कुत्र्यांसह फोटो काढून मिळेल.'

*

पहिलं गिऱ्हाईक खोताच्या वाडीतली मार्था आंटी. फुलाफुलांचा फ्रॉक, हातात साखळी, साखळीला ब्रूनो नावाचा जाडजूड कुत्रा.

ब्रूनोनं कॅमेऱ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तो तडक पडद्याकडे गेला, नारळाचं झाड हुंगलं आणि पाय वर केला!

आंटी लाजून लाल. "सॉरी रे बाबा, घरात कधी असा करत नाय!"

वसंता मात्र हात जोडून उभा. "आंटी, सॉरी कशाला? आर्ट स्कूलमध्ये मास्तर म्हणायचे, तुझं झाड झाडासारखं दिसत नाही. त्यांना बोलवून आणू का?"

*

थोड्या वेळानं एक कारकून आले. बायको, तीन मुली, सगळे इस्त्रीचे कपडे घालून. बोर्ड वाचला आणि गुपचूप निघून गेले. परत आले ते ब्रूनोला घेऊन!

फोटो झकास आला. मधोमध ब्रूनो, भोवती कुटुंब.

मी विचारलं, "आंटींचा कुत्रा तुमच्याकडे कसा?"

"मागून आणला. तुमच्या बोर्डावर 'कुत्र्यांसह' लिहिलंय ना? आम्हाला वाटलं, कंपल्सरी आहे!"

तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात लागला. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणे आधी ब्रूनोचीच चौकशी करायचा.

*

आमच्या वाडीतले नाना म्हणजे शिस्त. आवाज असा की समोरच्या गॅलरीतली कबुतरं उडावीत. मांडवात उजेड कमी, त्यामुळे फोटो निघेपर्यंत स्थिर बसायला लागायचं. नानांनी आपल्या मोत्याला दम भरला, "हलायचं नाही! मान वर! समोर बघ!" मग बायकोलाही तेच सांगितलं.

फोटो धुऊन आला. मोत्या एकदम स्पष्ट, मिशीचा केस न् केस मोजून घ्या. वहिनीही स्पष्ट. नाना धुकं! सूचना देता देता हलले होते.

वहिनी फोटोकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "मोठा करून फ्रेम करा."

*

मग परळचा पांडू आला. गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. त्याचा कुत्रा काही केल्या कॅमेऱ्याकडे बघेना. मी चुटक्या वाजवल्या, वसंतानं मांजराचा आवाज काढला. शून्य!

"थांबा, त्याला कसं बोलवायचं ते मला ठाऊक," पांडू म्हणाला आणि छाती भरून ओरडला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

कुत्र्यानं मान ताठ केली, "भो! भो!"

आणि अख्ख्या पटांगणानं आवाज दिला, "झालाच पाहिजे!"

घोषणांना तेव्हा बंदी. गेटवरचा हवालदार दंडुका सावरत धावत आला. कोणाच्या हातातली भेळ हातातच राहिली. आता कॅमेराही जप्त होणार!

"कोण ओरडला?"

पांडू म्हणाला, "साहेब, कुत्र्याला कॅमेऱ्याकडे बघायला सांगत होतो."

हवालदारानं कुत्र्याकडे पाहिलं, पांडूकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं. मग टोपी नीट केली आणि कुत्र्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"बघितलं नाय अजून त्यानं," तो हळूच म्हणाला. "परत सांगा."

*

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा लालबागहून एक म्हातारी आली. बरोबर तांबडा गावठी कुत्रा, नाव लाल्या. तिचा मुलगा सत्याग्रहात पकडला गेला होता. लालबागच्या फोटोवाल्यानं कुत्र्याला आत घेतलं नाही, म्हणून ती इथवर चालत आली होती.

"झिलाक धाडूचो आसा फोटो," ती म्हणाली. "भेटीक गेलंय की आधी लाल्याचीच चवकशी करता मेलो."

तिला खुर्चीवर बसवलं, लाल्याला शेजारच्या स्टुलावर. लाल्या सारखा गेटकडे बघत होता. "लाल्या, इकडे!" मी म्हणालो आणि फोटो घेतला.

त्याच क्षणी लाल्यानं झेप घेतली. माझ्या खांद्यावरून, बोर्ड पाडून, पार गेटपर्यंत! वसंतानं कॅमेऱ्याला मिठी मारली म्हणून तो वाचला.

गेटमध्ये एक दाढी वाढलेला, हडकुळा पोरगा उभा होता. त्या दिवशीच सुटला होता. चाळीत पोचला तर शेजारी म्हणाले, आई कुत्र्याला घेऊन गिरगावात गेलीय. तसाच निघाला होता. लाल्यानं त्याला खाली पाडलं, तोंड चाटलं, सदरा फाडला. म्हातारी खुर्चीतून उठेचना. बसल्या जागेवरूनच तिनं दोन्ही हात पुढे केले.

मग मी तिघांचा झकास फोटो काढला. मोत्यासारखा स्वच्छ.

आठवड्यानं मायलेक फोटो न्यायला दुकानात आले. मी दोन्ही समोर ठेवले. एक तिघांचा. दुसरा तो बिघडलेला : रिकामं स्टूल, कडेला एक धूसर फराटा आणि गेटकडे वळलेला म्हातारीचा चेहरा.

तिनं बिघडलेला उचलला. "ह्यो माका होयो."

मुलगा हसला. "अगो आये, ह्यात मी खंय आसंय?"

म्हातारीनं फोटो पदरानं पुसला आणि त्यातल्या आपल्याच चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"आसस मा!"