सम्राटाचा गहाण ठेवलेला मुलगा

आमच्या बाबांचा एका कंगाल सम्राटावर फार जीव होता. बाबा भिवंडीतल्या एका विनाअनुदानित शाळेत इतिहास शिकवायचे. मी तेव्हा पाचवीत होते आणि लोडशेडिंगचे ते दिवस होते. संध्याकाळी वीज गेली, की आजूबाजूच्या कापड विणायच्या लूमची खटखट एकदम बंद पडायची आणि बाबांचा आवाज सुरू व्हायचा. हा सम्राट कॉन्स्टॅन्टिनोपलचा. नाव मोठं, गादी मोठी, आणि तिजोरीत नुसता खडखडाट! थंडीत जाळायला लाकूड नाही म्हणून त्याने म्हणे राजवाड्याच्या तुळया जाळल्या. छपराचं शिसं उचकटून विकलं. बाबा असे रंगून सांगायचे, जणू शिडी धरायला तेच खाली उभे होते.

मला मजा वाटायची. मग एके दिवशी बाबा म्हणाले, "शेवटी विकायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने आपला एकुलता एक मुलगा व्हेनिसच्या सावकारांकडे गहाण ठेवला."

"मुलगा? गहाण?"

"हो. पण हाल नाही हं झाले त्याचे तिकडे. खाऊनपिऊन सुखात असणार. उलट घरापेक्षा बरं."

हे 'घरापेक्षा बरं' मला अजिबात आवडलं नाही. कारण त्याच सुमारास कशेळीच्या आत्याचं येणं वाढलं होतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. दोघं मूळचे दिघाशी गावचे. बाबा शिकून शहरात आले, आत्याला कशेळीला दिली. तिच्या सासरच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली आणि घरात पैसा खेळायला लागला, पण मूल काही झालं नाही. आता ती दर रविवारी यायची, नवा फ्रॉक आणायची आणि माझ्या पाठीला लावून माप बघायची. मी खोलीत शिरले की मोठी माणसं गप्प. "ठाण्याच्या इंग्लिश शाळेत घालू, न्यायला-आणायला गाडी हाय," एवढं आत्याचं बोलणं मी दाराआडून ऐकलं होतं. इकडे बाबांचा पगार थकलेला. आमचा टीव्ही 'दुरुस्तीला' गेला होता तो परत आलाच नव्हता. मी काही एवढी बावळट नव्हते. छपराचं शिसं संपलं होतं, आता माझा नंबर होता.

शाळेत लक्ष नाही, ताटात लक्ष नाही. आईला सरळ विचारावं, तर ती हो म्हणाली म्हणजे? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. झोपताना मात्र मी तिच्या पदराचं टोक मुठीत गच्च धरून ठेवायचे.

मग मी ठरवलं, आत्याला नकोशी वाटेन असंच वागायचं. दिघाशीला गेले की तिथल्या पोरांमध्ये मी गावची भाषा शिकून यायचे आणि घरी बोलले की आई दटावायची. तीच भाषा मी बाहेर काढली. रविवारी आत्याने लाडाने विचारलं, "जेवलीस का गो बाय?" मी पाय पसरून बसले आणि म्हटलं, "न्हाय! मना भूक न्हाय! तू जा तुजे घरा!"

आईने कपाळावर हात मारला. आणि आत्या? तिने मला छातीशी आवळून धरलं. "अगो बाय माजी! ही तं आमचीच हाय! माजी सासू कवरी खूश होल!"

झालं! करायला गेले काय आणि होऊन बसलं काय.

पुढच्या रविवारी आत्या मोठी कोरी बॅग घेऊन आली. मी हळूच उचलून बघितली, तर रिकामी. म्हणजे ती माझ्याच कपड्यांनी भरायची होती. बाबा खुर्चीत बसून उगाच घसा खाकरत होते.

"बाळा, तो सम्राटाचा मुलगा आठवतो ना..."

"त्या मुलाची आई कुठे होती हो?"

विचारणारी आई होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठाने माखलेले. एवढे दिवस रोज संध्याकाळी तिने भाकऱ्या थापता थापता सम्राट ऐकला होता, पण चौकशी कधी केली नव्हती.

बाबांना इतिहासातलं काही विचारलं, की उत्तर दिल्याशिवाय राहवायचं नाही. "राणी ना? ती निघाली देशोदेशी. दुसऱ्या राजांच्या दारी गेली, नात्यागोत्यात हात पसरले. मुलाला सोडवायला पैसे..." आणि ते आईकडे बघायला लागले.

"हा भाग हिला नाही सांगितलात," आई म्हणाली.

मग ती आत्याकडे वळली.

"वन्सं, जेवून जा. मी उद्यापासून चार घरी पोळ्या लाटीन. पण पोरगी कुठे जायची नाही."

आत्या रडली. मला तिची फार दया आली, खरंच आली, पण आईचा पदर सोडायची छाती होईना. जेवण झाल्यावर आत्याने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली, "सुट्टीन तरी येशील ना गो?" म्हणाली, आणि रिकामी बॅग घेऊन गेली.

संध्याकाळी वीज गेली. लूम थांबले. बाबांनी सम्राट काही काढला नाही. शेवटी मलाच राहवलं नाही.

"तो मुलगा सुटला का?"

"सुटला. बऱ्याच वर्षांनी. पुढे लग्नही झालं त्याचं."

"मग तो वडिलांशी बोलला?"

"ते कुणी लिहून ठेवलेलं नाही."

आई भाकरी थापत होती, तेवढाच आवाज. बाबांनी अंधारातूनच विचारलं, "तू बोलशील?"

"बघते," मी म्हटलं.