फ्रिजवरचा फोन आणि माझा निकाल

दुसऱ्या वर्षी अल्गोरिदमच्या पेपरात मी नापास झाले, आणि ही गोष्ट घरात कुणालाही कळू नये याचा मी चोख बंदोबस्त केला होता.

बाबा मूळचे नागपूरचे, दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत. आमच्या खानदानात कॉम्प्युटर सायन्स शिकणारी मी पहिलीच. कॉलनीत जो भेटेल त्याला बाबा सांगायचे, "बेटी रिसर्च करती है जी!" (मी तेव्हा एकाच विषयावर संशोधन करत होते: कमीत कमी किती हजेरी चालते.) अशा घरात 'नापास' हा शब्द न्यायचा कसा? मी नेलाच नाही.

त्याच सुमारास लॅबच्या मॅडमनी मला एका प्रकल्पात घेतलं. घरात बोलली जाणारी मराठी ऐकून कॉम्प्युटरने ती लिहून काढायची. रेकॉर्डिंग मी आणायचं, घरच्यांना विचारून.

बाबांनी परवानगी दिली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि फोनसमोर बसून म्हणाले, "आज रोजी भोजनात वरण-भात उपलब्ध आहे."

"अहो, ऑफिसची फाइल आहे का ही? नेहमीसारखं बोला!" आई ओरडली. मग स्वतः बातम्या वाचाव्यात तशा आवाजात म्हणाली, "कृपया मीठ द्यावे."

शेवटी मी एक जुना फोन फ्रिजवर ठेवला. "आठवडाभर जेवणाच्या वेळी मी घरी असो वा नसो, हा चालू राहील. तुम्ही विसरून जा." ते खरंच विसरले. आणि मी ते रेकॉर्डिंग न ऐकताच लॅबमध्ये जमा केलं. (कंटाळा! नापास होणारी माणसं अशीच असतात.)

लॅबच्या ओपन डेला आई-बाबा मेट्रोने आले, सांबारवडीचा, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडीचा, डबा घेऊन थेट पहिल्या रांगेत. मॅडमनी आमच्या घरचं रेकॉर्डिंग लावलं. मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटू लागली. 'वरण'चं 'वॉरंट' झालं, 'चटणी'ची 'छाटणी' झाली. लोक हसले, मीही हसले.

तेवढ्यात आईचा आवाज आला, "अहो, पोरगी नापास झालीय. विचारायचं नाही का तिला?"

'नापास' हा शब्द मात्र यंत्राने अचूक लिहिला! आणि तो वाचायला कुणाला मराठी यावी लागत नव्हती.

मी धावत जाऊन बटण दाबलं. आवाज आणखी मोठा झाला!

"नको विचारू. सांगेल तिला वाटेल तेव्हा."

"दोन महिने झाले! धड जेवत नाही."

"मीही बी.कॉम.ला दुसऱ्या वर्षी लटकलो होतो. कुणालाच सांगितलं नाही."

"मला कुठे सांगितलंत?"

"आत्ता सांगतोय ना." मग ताट सरकवल्याचा आवाज. "फार एकटं पडतं गं माणूस. काही बोलू नको. तिच्या ताटात एक पोळी जास्त वाढत जा."

इतके दिवस मला वाटत होतं, आई पोळ्या मोजायला चुकते.

बाहेर व्हरांड्यात मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, निकालाचा मेसेज पालकांच्या नंबरवर येतो," बाबा म्हणाले. मग जरा घुश्शातच, "पण एवढ्या लोकांसमोर माझं बी.कॉम. काढायची काय गरज होती?"

मी रडायलाच लागले. आईने डबा उघडून एक वडी माझ्या हातात ठेवली. "खा आधी. नापास उपाशीपोटी पचत नाही."

पुढच्या सत्रात तो पेपर मी पुन्हा दिला आणि काठावर सुटले. प्रकल्पात मात्र मला सर्वात वरची श्रेणी मिळाली. मॅडमच्या मते इतकं अस्सल रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणीच आणलं नव्हतं. चार वर्षांतली माझी ती एकुलती एक वरची श्रेणी, आणि तीसुद्धा आई-बाबांनी दिलेल्या तोंडी परीक्षेवर!