कपाटामागची भिंत

आमचे हे प्लंबर. तीस वर्षं गावभरच्या गळत्या बंद केल्या, पण आमच्याच झोपायच्या खोलीतली एक भिंत काही त्यांना बधली नाही. तीनदा फोडली, पाइप बदलला, तरी ओल यायचीच. शेवटी तिला मोठं कपाट लावलं आणि विषय संपवला. दिव्याखाली अंधार, असं मी चिडवायची, की दोन दिवस अबोला.

घर विकायचं ठरलं तेव्हा एजंटनं फॉर्म आणला. घरातले माहीत असलेले दोष विकणाऱ्यानं लिहून द्यायचे, कायदाच आहे तसा. मी म्हटलं, ओलीचं लिहा. तर हे उसळले, "प्लंबरच्या घरात गळती? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." पैशासाठी नव्हे हो, निव्वळ ताठ्यापायी ‘दोष नाही’ असं लिहून मोकळे झाले. आणि मी, एरवी एवढी तोंडाळ बाई, मुकाट्यानं खाली सही केली. त्या सहीची मला अजून लाज वाटते.

घर घेतलं एका नर्सनं. एकटी, कडेवर तान्हं बाळ. ती तपासणीला माणूस आणणार होती, पण एजंट म्हणाला, अहो, प्लंबरचं घर, त्यात काय बघायचंय! तिला ते पटलं. हे मिशीतल्या मिशीत हसले. कपाट आम्ही तिथंच ठेवून आलो.

सहा महिन्यांनी तिचा फोन आला, काका, जरा येऊन जाल का. आम्ही दोघं गेलो. कपाट पुढं ओढलेलं, मागची भिंत काळी पडलेली, बाळाचे कपडे बुरसलेले, बाळ खोकत होतं. आणि ती बिचारीच आमच्यापुढं अपराध्यासारखी उभी. कपाटाशेजारी बाळाचा फोटो लावायला तिनं खिळा ठोकला होता म्हणे.

"काका, त्या खिळ्यानंच पाइप फुटला ना? तुमचं चांगलं घर मी नासवलं."

ह्यांनी भिंतीवरून हात फिरवला. आता तरी बोलतील म्हणून मी वाट बघत होते.

"हो, खिळ्याचंच दिसतंय," हे म्हणाले. "होतं असं कधीकधी."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

"खिळ्याचं काही नाही, पोरी," मी म्हटलं. "ही ओल अकरा वर्षांची आहे. आम्हाला माहीत होती."

ह्यांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. तिनं ओरडावं, कोर्टात खेचते म्हणावं, असं मला फार वाटत होतं. तिनं नुसतं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"फॉर्मवर खालची सही तुमचीच ना, काकू?"

हो, म्हटलं.